सकाळी सात ते आठ

मंगळवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता हेझल अ‍ॅक्रॉइडने बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलावर पालथा केला. आतून एकेचाळीस चिठ्ठ्या पडल्या. मतदानाला नऊ दिवस होते आणि सभेला पावणेदोन तास.

ब्रॅकनरॉइडच्या मेथडिस्ट चर्चच्या स्वयंपाकघरात तिघं बसली होती. हेझल बहात्तर वर्षांची, गावच्या प्राथमिक शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका आणि आजच्या सभेची अध्यक्ष. क्लिफर्ड सगडन अठ्ठ्याहत्तरचा. गिरण्या चालू होत्या तोवर माग दुरुस्त करायचा, आता चर्चचं छप्पर आणि पन्हाळी सांभाळायचा. तिसरा नवीद अख्तर, मार्केट स्ट्रीटवरच्या औषधांच्या दुकानाचा मालक. पन्नाशी ओलांडली तरी तो हेझलला अजून ‘बाई’ म्हणायचा, कारण सात वर्षांचा असताना तो तिच्या वर्गात होता.

निवडणुकीआधीच्या या सभेचे नियम जुने होते. पाचही उमेदवारांना एका टेबलामागे बसवायचं. लोकांनी प्रश्न आधीच लिहून लायब्ररीतल्या डब्यात टाकायचे, नाव न घालता. समितीने त्यांतले बारा निवडायचे, त्यांची भाषा नीट करायची आणि ते अध्यक्षांनी वाचायचे. श्रोत्यांनी उठून बोलायचं नाही. सत्त्याऐंशी साली एका उमेदवाराच्या दिशेने प्रार्थनेचं पुस्तक भिरकावलं गेलं होतं, तेव्हापासूनची ही व्यवस्था.

"खड्डे," क्लिफर्डने पहिली चिठ्ठी वाचली. "खड्डे. पुन्हा खड्डे. होड्यांतून येणारे निर्वासित. गाझा. दातांचा डॉक्टर मिळत नाही. हे बघा, साळिंदरं."

"साळिंदरं?"

"कमी होतायत म्हणे. तुमच्या ग्रीन पक्षवाल्यांची असणार, नवीद."

"माझे कुठले ग्रीनवाले? मी अजून ठरवलेलं नाही."

"तुझे आजोबा मजूर पक्ष, वडील मजूर पक्ष. आणि तू अजून ठरवतोयस."

"तुम्ही तरी हुजूर पक्षाला देणार आहात का?"

क्लिफर्डने चिठ्ठीची नीट घडी केली. "पंचावन्न वर्षं दिलं. या वेळी त्यांना जरा कळू दे."

"म्हणजे रिफॉर्म पक्षाला."

"मी काही बोललो नाही."

"बोलायला कशाला पाहिजे? तुमच्या खिडकीवर त्यांचं पत्रक चिकटवलेलं दिसतं, बाहेरून."

"ते बायकोनं चिकटवलंय. काचेला चीर गेलीय तिथे."

हेझल हसली. अध्यक्ष म्हणून तिने स्वतःचं मत कुणाला सांगितलं नव्हतं आणि तसं न सांगण्याचा तिला थोडा अभिमानही होता. ती चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करत होती: घ्यायच्या, सोडायच्या, बघू.

स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीत चहा देण्यासाठी एक रुंद खिडकी होती. तिचं लाकडी शटर वीतभर उघडं होतं. पलीकडे पॉलीन ग्रीनवुड खुर्च्या मांडत होती. पॉलीनने हेझलच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं वर्गमदतनीस म्हणून काम केलं होतं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. चर्चमध्ये कुठलंही काम निघालं की ती आधीच येऊन पोचलेली असायची, आणि दर गुरुवारी साडेदहाला हेझलकडे कॉफीला. खायला मात्र काही घ्यायची नाही. "आत्ताच खाऊन आले गं," म्हणायची.

"महागाईच्या नऊ आहेत," नवीद म्हणाला. "एकच प्रश्न करू या त्यांचा."

"एक पुरे," क्लिफर्ड म्हणाला. "महागाई म्हणजे काय ते यांना माहीत नाही. चौऱ्याहत्तर साली आठवड्यातून तीन दिवस वीज होती. मी मेणबत्ती लावून माग उघडलेला आहे. आता घराघरात भिंतीएवढा टीव्ही, आणि वर रडगाणं."

"टीव्ही स्वस्त झालाय, क्लिफर्ड. भाडं नाही झालं."

"तुझं काय बिघडलंय? दुकान आहे."

"दुकान आहे म्हणूनच सांगतो." नवीदने चष्मा वर सरकवला. "गेल्या आठवड्यात एक बाई आली. चाळिशीची असेल. तीन औषधं लिहून दिलेली. मला विचारते, यांतलं कुठलं नाही घेतलं तर चालेल? पूर्वी असं वर्षातून एखादं माणूस विचारायचं. आता रोज कुणीतरी विचारतं."

"मग कुणाला मत द्यायचं?" हेझलने विचारलं.

"तेच तर कळत नाही, बाई. चौदा वर्षं एकानं हे केलं म्हणून दुसरा येणार. दुसरा आत्तापासूनच म्हणतोय, तिजोरीत काही नाही."

"खरं बोलतोय बिचारा," क्लिफर्ड म्हणाला.

हेझलने पुढची चिठ्ठी उचलली. वहीच्या पानाचा अर्धा तुकडा होता, सगळी अक्षरं मोठी आणि सुटी काढलेली. वर्गात गोष्ट वाचताना लावायची तसा आवाज लावून ती वाचू लागली.

"‘माझ्या घरातला बॉयलर जानेवारीपासून बंद आहे. दुरुस्त करणं जमत नाही. मी अंघोळीला पोहण्याच्या तलावावर जाते. सकाळी सात ते आठ पेन्शनरांना तिकीट कमी आहे आणि शॉवरला गरम पाणी असतं. तलाव सप्टेंबरमध्ये बंद करणार म्हणतात. मग मी कुठे जाऊ?’"

"आमच्या घरी जस्ताचा टब होता," क्लिफर्ड म्हणाला. "शेगडीपुढे ठेवायचा. आधी बाप, मग आई, मग आम्ही चौघं, त्याच पाण्यात. आम्ही नाही कुणाला चिठ्ठी लिहिली."

"ही कुणीतरी मुद्दाम लिहिलेली वाटते," हेझल म्हणाली. "कुठल्या तरी पक्षाच्या कचेरीत बसून. रोज पोहायला जायचं आणि वर गरिबी." मग तिला ते सुचलं, आणि सुचलं तसं ती बोलून गेली. "सकाळी सातला पोहायला जाणं म्हणजे हलाखी असेल, तर आमच्या पॉलीनसाठी उद्यापासून वर्गणीच काढायला हवी."

क्लिफर्ड खो खो हसला. हेझलही हसली.

पलीकडे खुर्च्यांचे पाय लाकडी फरशीवर घासल्याचा आवाज मघापासून येत होता. तो थांबला.

हेझलच्या हातात चिठ्ठी तशीच होती. तिने परत तिच्याकडे पाहिलं. ‘के’ या अक्षराचा खालचा पाय लांब होता, पुढे टाकलेला. शाळेत कोट अडकवायच्या खुंट्यांवर मुलांची नावं असायची. दर सप्टेंबरला नवीन मुलं, नवीन नावं, साठ-साठ कार्डं, सगळी एकाच वर्गमदतनीसाच्या हाताने लिहिलेली. पहिलीतली मुलं त्या अक्षराला ‘चालणारा के’ म्हणायची. कितीतरी मुलं आयुष्यभर तसाच के काढत राहिली असतील. पण बाकीची अक्षरंही तीच होती.

तिने नवीदकडे पाहिलं. नवीद हसला नव्हता. तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"सकाळच्या त्या वेळेला सहा-सात जणीच असतात तिथे," तो हळू आवाजात म्हणाला. "हे असंच वाचलं तर गावाला कळेल कोण ते. शब्द बदलावे लागतील, बाई."

"तुला माहीत होतं?"

"मला काहीच माहीत नाही. मी औषधं विकतो."

"काय माहीत होतं?" क्लिफर्डने विचारलं.

खिडकीचं शटर वर गेलं. पॉलीन पलीकडे उभी होती, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. केस ती नेहमी मागे घट्ट बांधायची. सकाळी कुठे भेटली तर ते ओले असायचे, आणि हेझल दर वेळी म्हणायची, "काय गं ही तुझी चिकाटी. मला तर पाण्यात पाय घालवत नाही."

"ऐंशी मांडल्या," पॉलीन म्हणाली. "अजून लागतील का?"

"ऐंशी पुरेत," हेझल म्हणाली.

"चहाचा बंब आत्ता लावू की साडेसहाला?"

"साडेसहाला लाव."

"बरं." तिने क्लिफर्डकडे पाहिलं. "तुमच्या कोटाला पांढरा रंग लागलाय, क्लिफर्ड. पाठीमागे." आणि शटर पूर्ण खाली ओढून घेतलं.

तिच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. अठ्ठावीस वर्षांत ते कधी कळलं नव्हतं. शाळेला तिचा तेवढ्यासाठीच आधार होता.

हेझलने कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं: ‘स्थानिक सार्वजनिक सुविधांच्या निधीबाबत आपल्या पक्षाचे धोरण काय आहे?’ कार्डावर तिने सातवा क्रमांक घातला. चिठ्ठी ‘सोडायच्या’ गठ्ठ्यावर ठेवली. सगळं आवरून झाल्यावर, क्लिफर्ड कोट झटकायला बाहेर गेला तेव्हा, तिने ती परत उचलून स्वेटरच्या खिशात टाकली. तिथे का टाकली हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

सात वाजता हॉल भरला. ऐंशी खुर्च्या पुरल्या नाहीत. मागे भिंतीला टेकून माणसं उभी राहिली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि उंच खिडक्यांतून ते उमेदवारांच्या डोळ्यांवर येत होतं. पाच जणांपैकी तिघांनी हात कपाळाला लावलेला होता, त्यामुळे ते दूरवर काहीतरी शोधत असल्यासारखे दिसत होते.

हेझलने नियम सांगितले. प्रत्येक प्रश्न ती एकाच पद्धतीने वाचत होती. आधी "प्रश्न असा आहे", मग प्रश्न, मग उमेदवाराचं नाव. दोन मिनिटं झाली की ती घंटी वाजवायची. पाणी, शाळा, दातांचे डॉक्टर, होड्या, युद्ध. लोक शिस्तीत ऐकत होते. साळिंदरांच्या प्रश्नावर सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या.

सातवं कार्ड आलं तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

"प्रश्न असा आहे. स्थानिक सार्वजनिक सुविधांच्या निधीबाबत आपल्या पक्षाचे धोरण काय आहे? मिस्टर फेअरब्रदर, आपण सुरुवात करा."

फेअरब्रदर तरुण होता, हुजूर पक्षाची निळी फीत लावलेला. "फार महत्त्वाचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "स्थानिक सुविधा हा समाजाचा कणा असतो, आणि आमच्या पक्षाने नेहमीच..."

खिडकीचं शटर आता वर होतं. पॉलीन त्यामागे बंबाशेजारी उभी होती. हातात किटली होती. ती उमेदवारांकडे पाहत नव्हती, हेझलकडेही नाही. बंबाच्या काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसते, तिकडे पाहत होती. प्रश्न आपलाच होता हे तिला कळलं असणार. किंवा कळलं नसेलही, इतका तो बदलला होता.

"थांबा," हेझल म्हणाली.

फेअरब्रदर थांबला. त्याची वेळ संपली नव्हती.

"माफ करा. मी प्रश्न नीट वाचला नाही."

तिने खिशातून वहीचा तुकडा काढला, चष्मा सारखा केला आणि वाचायला सुरुवात केली. या वेळी आवाज साधा होता. ‘माझ्या घरातला बॉयलर जानेवारीपासून बंद आहे.’ शेवटच्या ओळीपर्यंत ती कुठेही अडखळली नाही. ‘मग मी कुठे जाऊ?’ वाचून तिने कागद खाली ठेवला, लिहिलेली बाजू टेबलाकडे करून.

मग मजूर पक्षाची लाल फीत लावलेली उमेदवार, चाळिशीची वकीलबाई, पुढे झुकली.

"मिसेस अ‍ॅक्रॉइड," ती म्हणाली, "हे तुम्ही इतक्या लोकांसमोर सांगितलंत. सोपं नसणार ते."

तेव्हा हेझलच्या लक्षात आलं, की ‘प्रश्न असा आहे’ हे शब्द ती म्हणालीच नव्हती.

चूक दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. हा प्रश्न माझा नाही. तिने तोंड उघडलं आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेत डॉक्टरांची बायको, मागे लायब्ररीतली जोन, पोस्टमन, तिच्या हाताखालून गेलेली वीस-पंचवीस मुलं, आता टक्कल पडलेली. तो प्रश्न तिचा नसेल, तर कुणाचा, हे शोधायला ही सगळी डोकी आत्ता वळली असती. सकाळी सात ते आठ सहा-सात जणी. त्यांतली एक चहाच्या खिडकीत.

"हो," हेझल म्हणाली. "सोपं नाही."

मागे कुणीतरी टाळी वाजवली. मग बाकीच्यांनी वाजवली. टाळ्या वाढत गेल्या. साळिंदरांपेक्षा जास्त झाल्या. क्लिफर्ड तिसऱ्या रांगेच्या टोकाला बसला होता. त्याने हात मांडीवर ठेवले होते आणि तो तिच्याकडे रोखून पाहत होता. नवीद खाली बघत होता.

वकीलबाई म्हणाली की तलाव हा कौन्सिलचा विषय आहे, पण कौन्सिलला पैसे कोण देतं ते बघायला हवं. फेअरब्रदर म्हणाला की बॉयलरसाठी एक योजना आहे, तिचा अर्ज तो स्वतः पाठवेल. रिफॉर्मचा उमेदवार म्हणाला, बघा, शाळा चालवलेल्या बाईवर ही वेळ, आणि सरकार होड्यांतून आलेल्यांची हॉटेलांची बिलं भरतंय. ग्रीनची मुलगी म्हणाली, तिच्याकडे या क्षणी उत्तर नाही. पाचव्याने आधीच्या चौघांशी सहमती दाखवली. हेझलने प्रत्येकाला दोन मिनिटांवर घंटी वाजवली.

सभा संपल्यावर चहा. माणसं तिच्याजवळ एकेक करून आली. मोठ्याने कुणी बोलत नव्हतं. डॉक्टरांच्या बायकोने तिचा दंड दाबला. जोन म्हणाली, "आमच्याकडे विजेवरचा हीटर पडून आहे, उद्या आणून ठेवते दारात, तुम्ही बघू पण नका." लियम ओल्डरॉइड नावाचा एक रुंद खांद्यांचा माणूस आला, शाळेत तो तीन वर्षं तिच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेला होता. आता तो प्लंबर होता.

"बाई, उद्या सकाळी आठला येतो. पैशांचं काही बोलायचं नाही."

"अरे, नको. खरंच नको."

"तुम्हीच म्हणायचात, मदत लागली तर हात वर करा. केलात ना? मग झालं."

स्थानिक बातम्यांच्या संकेतस्थळावरची मुलगी फोन पुढे करून म्हणाली, "एकच फोटो." हेझलने मान हलवली तोवर तो काढून झाला होता.

क्लिफर्ड सगळ्यांत शेवटी आला. "नाटक झकास जमलं," तो म्हणाला. "अध्यक्षाने निःपक्ष राहायचं असतं, असं आपलं मला वाटायचं. लाल फीतवालीला पाचशे मतं दिलीत तुम्ही आज."

"तसं नव्हतं ते."

"मग कसं होतं? तुमचा बॉयलर तर चालू आहे. ख्रिसमसला तुमच्याकडे मला घाम फुटला होता."

क्लिफर्ड थोडा वेळ वाट पाहत राहिला. त्याला खरंच ऐकायचं होतं. मग त्याने कप खिडकीत ठेवला आणि गेला.

स्वयंपाकघरात पॉलीन सिंकशी उभी होती. हेझलने फडकं घेतलं आणि शेजारी जाऊन कप पुसू लागली. दहा-बारा कप झाले.

"तुझा बॉयलर बंद पडलाय," पॉलीन म्हणाली, "आणि मला बोलली नाहीस कधी."

"पॉलीन..."

"जानेवारीपासून. दर गुरुवारी मी तुझ्याकडे येते. सांगायचंस ना गं."

"मी मघाशी काहीतरी बोलून गेले. क्लिफर्डसमोर. शटर उघडं होतं."

पॉलीनने एक कप नळाखाली धरला आणि आतून बाहेरून धुतला. "खुर्च्या सरकवताना काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. कप हेझलच्या हातात दिला. "पोहायला येत जा सकाळी. पाणी गरम असतं."

बुधवारी आठ वाजता लियम आला. त्याने हेझलच्या बॉयलरचं झाकण काढलं, टॉर्च मारून आत पाहिलं, नळ सोडला. पाणी पाच सेकंदांत गरम आलं. मग त्याने झाकण परत लावलं आणि स्क्रू एकेक करून पिळले, गरजेपेक्षा सावकाश.

"पंप जरा चिकटला होता," तो वळून न पाहता म्हणाला. "मी ठोकला, सुटला. होतं असं जुन्या बॉयलरचं. आता चालेल."

बॉयलर चार वर्षांचा होता. लियमने तिची लाज राखली हे तिला कळलं; कशाबद्दल राखली, हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"लियम, दुसरं एक घर आहे," ती दारात म्हणाली. "तिथला खरंच..."

"कुणाचं, बाई?"

तो उभा राहिला. समोर रस्त्यावर त्याची गाडी होती, दारावर मोठं नाव असलेली. ती गाडी ज्या घरापुढे थांबेल ते घर सगळी गल्ली बघणार होती.

"मी विचारून सांगते," हेझल म्हणाली.

त्याच दुपारी बातमी संकेतस्थळावर आली. ‘मुख्याध्यापिकेचा प्रश्न, उमेदवार निरुत्तर.’ फोटोत ती चष्म्यावरून बघत होती. खाली दोनशेच्या वर लोकांनी लिहिलं होतं. अर्ध्यांनी सरकारला शिव्या घातल्या होत्या. काहींनी लिहिलं होतं, शिक्षकांचं पेन्शन किती असतं ते आम्हाला माहीत आहे, पैसे गेले कुठे? एकाने लिहिलं होतं, निदान हिच्यात बोलायची हिंमत तरी आहे, बाकीच्या लपून बसतात.

दारात हीटर आला. झाकलेल्या भांड्यात बटाट्याचं आणि मटणाचं कालवण आलं, वर चिठ्ठी: भांडं परत करायची घाई नको. हेझलने ते ओट्यावर ठेवलं. तिला ते खाता येईना आणि टाकताही येईना.

गुरुवारी साडेदहाला पॉलीन आली नाही. फोनवर निरोप आला: सर्दी झालीय, तुला लागायला नको. हेझलने उत्तर लिहायला घेतलं. ‘चिठ्ठी मी ओळखली’ असं लिहून पुसलं. ‘मला माफ कर’ लिहून पुसलं. शेवटी ‘बरी हो’ एवढंच पाठवलं. शुक्रवारी ती पॉलीनच्या घरावरून दोनदा गेली. पडदे नीट उघडलेले होते, कुंडीत पाणी घातलेलं होतं. दुसऱ्या वेळी तिने दार वाजवलं. आत रेडिओ चालू होता. तो बंद झाला. दार उघडलं नाही.

शनिवारी सकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना हेझल टॉवेल घेऊन तलावाच्या पायऱ्या चढली. पोहण्याचा पोशाख अकरा वर्षांपूर्वीचा होता. टेबलामागे बसलेल्या मुलाने तिला ओळखलं आणि तो उठून उभा राहिला.

"तुम्हाला तिकीट नाही, मिसेस अ‍ॅक्रॉइड. आम्ही ठरवलंय सगळ्यांनी. तलाव चालू आहे तोवर."

"मी पैसे देईन."

"घेणार नाही. मॅनेजरांनी सांगितलंय." त्याने मागच्या भिंतीकडे बोट केलं. ‘तलाव वाचवा’ असा कागद लावला होता, आणि त्यावर तिचा फोटो. "सोमवारपर्यंत हजार सह्या होतील. तुमच्यामुळे."

काचेच्या दारातून तलाव दिसत होता. चार बायका डोकी वर धरून हळूहळू पलीकडे जात होत्या. पाचवी नुकतीच शॉवरकडून येत होती. हेझलने पाचही जणींकडे नीट पाहिलं.

"पॉलीन ग्रीनवुड आली नाही का?" तिने विचारलं. "रोज असते ना या वेळेला."

"जानेवारीपासून एक दिवस चुकवला नव्हता त्यांनी," मुलगा म्हणाला. "बर्फ पडलं तेव्हासुद्धा आल्या होत्या." त्याने वहीची पानं मागे उलटली, बोट खाली नेत तारखा पाहिल्या. "मंगळवारी सकाळी आल्या होत्या. त्यानंतर नाही."